जिंकल्याची तक्रार

त्या मंगळवारी सकाळी कवळीबाई बुद्धिबळात जिंकल्या आणि त्यांचा सगळा दिवस नासला.

आधी त्यांना वाटलं, आपल्याच बघण्यात काहीतरी चूक होतेय. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. काळा राजा कोपऱ्यात अडकला होता आणि त्यांचा स्वतःचा पांढरा हत्ती त्याच्या छाताडावर बसला होता. खाली एकच ओळ आली: 'खेळ संपला.' बस्स. पुढे काही नाही. बाई पाच मिनिटं त्या ओळीकडे बघत बसल्या, की आता येईल, मग येईल. शेवटी शेगडीवरच्या भांड्यातलं पाणी उतू जायला लागलं, तेव्हा नाइलाजानं उठल्या.

कवळीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या तीन डॉक्टरांसाठी त्या घरबसल्या कवळ्या बनवत, आणि तीस वर्षं हेच काम केल्यामुळे गल्लीनं त्यांचं खरं नाव केव्हाच निकालात काढलं होतं. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, मेणाच्या वड्या, घासायचं छोटं यंत्र, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. घरात तोंडं चाळीस, पण बोलणारं एकही नाही.

बोलणारा होता तो धाकटा भाऊ. नकाशांच्या सरकारी कार्यालयात तो कॉम्प्युटरवर काम करायचा, बहिणीबरोबर राहायचा आणि घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत बोलायचा. सोळा महिन्यांपूर्वी एका साध्या दुपारी, ऑफिसातून परत येताना, बसमध्ये बसल्या जागी तो गेला. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, डुलकी लागली. मागे राहिला त्याचा कॉम्प्युटर, आणि त्यात त्यानं स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. तो त्यानं एकाच माणसाशी खेळण्यासाठी लिहिला होता: ताईशी. अकरा वर्षं तो त्यात काही ना काही डकवत राहिला. सुरू झाला की प्रोग्राम आधी सांगायचा, 'ताई, इतकी मेमरी मोकळी आहे, त्यातली निम्मी घेतो.' आणि ताईला हरवलं, की एक शेरा मारायचा.

'ताई, वजीर काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलायस?'

'ताई, तू खेळतेस की आवरतेस?'

'ताई, तुझा घोडा कंटाळून झोपला. मीही झोपतो.'

असे साठ-सत्तर शेरे होते. कुठला कधी येईल याचा नेम नसे. कवळी पक्की व्हायला गरम पाण्यात दीड तास ठेवावी लागते, तेवढ्या वेळात बाई रोज एक डाव मांडत, पंचविसाव्या चालीच्या आत हरत, शेरा वाचत आणि मोठ्यानं म्हणत, "गप रे!" दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे ते बहुधा पहिले शब्द असत. कधीकधी शेवटचेही.

आणि आता 'खेळ संपला'. बुधवारी परत तेच. गुरुवारी तर चौदा चालींत. तीन दिवस झाले, बाईंना कुणीही टोमणा मारला नव्हता.

झालं होतं असं, की डॉक्टर मंडळींनी कामाचे कागद नव्या पद्धतीनं पाठवायला सुरुवात केली होती. फोटो, त्यावर खुणा, सगळं. जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडेनात, म्हणून सोमवारी बाई चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडून नवी सिस्टिम घालून घेऊन आल्या होत्या. म्हणजे मूळ कुठे असेल ते उघड होतं. शुक्रवारी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घातला आणि दुकान गाठलं.

"काय बिघडलंय?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"मी जिंकतेय."

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अभिनंदन. आणि बिघडलंय काय?"

"तेच. बुद्धिबळात. तीन दिवस ओळीनं. काल तर चौदा चालींत."

"बाई, पडदा काळा झाला म्हणून लोक येतात माझ्याकडे. आवाज येत नाही म्हणून येतात. जिंकतोय म्हणून आजवर कुणी आलं नाही."

"बारा वर्षं मी रोज हरतेय हो. तुम्ही नवी सिस्टिम घातलीत आणि हे सुरू झालं."

"तुमचा खेळ सुधारला असेल!"

"एका रात्रीत?"

"मग जिंका की आनंदानं! कुणाला मिळतंय?"

"मला जिंकायचं नाहीये!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं एकदम मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली. खरं कारण सांगायचं तर भाऊ, बस, शेरे, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेही काउंटरवर, छापायच्या शाईच्या डब्यांसमोर. बाईंनी नुसता डबा पुढे सरकवला.

दुरुस्तीवाला माणूस वाईट नव्हता. त्यानं चार बटणं दाबून पाहिलं आणि मान डोलावली. "नवी सिस्टिम जरा खादाड असते. मेमरी सगळी स्वतःच दाबून बसते. तुमच्या खेळाला बिचाऱ्याला खरकटंसुद्धा मिळत नसणार. चौपट मेमरी टाकून देतो. मग बघा कसे हरता ते."

बाई आशेनं घरी आल्या. पाणी तापत ठेवलं, डाव मांडला. प्रोग्राम सुरू झाला आणि म्हणाला, 'ताई, उणे एकशे बारा मेमरी मोकळी आहे, त्यातली निम्मी घेतो.'

"उणे?" बाई पडद्याला म्हणाल्या. "उणे म्हणजे काय रे? होतं नव्हतं तेही विसरायचं?"

तसंच झालं असावं. चौथ्या चालीला प्रोग्रामनं आपला वजीर आणून बाईंच्या प्याद्यासमोर ठेवला, एखाद्यानं रस्त्यात छत्री विसरून जावं तसा. सातव्या चालीला खेळ संपला. बाईंना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी तो वजीर मारलाही नाही; तरी त्या जिंकल्या. धाकट्याला शेवटी एवढं भ्रमिष्ट झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तो गेला तेव्हाही अगदी शाबूत होता.

या सगळ्यात शेगडीकडे कुणाचं लक्ष? पाणी हळूहळू तापवायचं असतं. ते भसाभस उकळलं आणि आतली कवळी जाळीदार पावासारखी भोकाभोकांची निघाली. ती पुन्हा बनवावी लागली. तिच्या गडबडीत दुसरी एक कवळी, एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची, पुढच्या दातांमागे कणभर पातळ झाली. कणभरच. पण सोमवारी डॉक्टरांचा फोन आला.

"बाई, त्या मुख्याध्यापिकाबाई शिट्टी वाजवतायत."

"कुठे?"

"शाळेत! त्या म्हणाल्या, 'सर्वांनी शांत बसा', आणि तीन शिट्ट्या वाजल्या. सगळी शाळा मैदानात पळाली. खेळाचा तास समजून."

"अगं बाई."

"आणि शुक्रवारी त्यांचं भाषण आहे. शाळेला साठ वर्षं झालीत. साठ, बाई! त्या शब्दातच पहिली शिट्टी आहे. कवळी पाठवतोय. कुठे जाड करायचं ते फोटोवर खूण करून कॉम्प्युटरवर पाठवतो. तेवढं आधी करा."

"करते," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच लाज वाटली. तीस वर्षांत त्यांच्या कवळीतून शिट्टी निघाली नव्हती.

पण त्याच सकाळी त्या दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा जाऊन आल्या होत्या. 'उणे' ऐकून तोही चक्रावला. "मेमरी उणे कशी होईल? वजन उणे होतं का कुणाचं?" असं म्हणून त्यानं नवी मेमरी काढून घेतली, धाकट्याच्या प्रोग्रामची फाइल उघडली, आणि त्यात 'मेमरी: आपोआप' असं लिहिलेलं त्याला सापडलं. "हे बघा. तुमचा खेळ फार सभ्य आहे हो. विचारून घेतो. आजकाल विचारून कुणाला काय मिळतं?" आणि 'आपोआप' खोडून त्यानं कॉम्प्युटरमध्ये होती नव्हती तेवढी सगळी मेमरी खेळाच्या नावानं लिहून टाकली. "आता बघाच."

मंगळवारी सकाळी सातला बाईंनी पहिली चाल केली. आठला प्रोग्रामनं उत्तर दिलं.

सिस्टिमला स्वतःला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. प्रत्येक वस्तू ती डिस्कवर नेऊन ठेवत होती आणि लागली की परत आणत होती. डब्यातून सतत कुरकुर कुरकुर असा आवाज येत होता, कुणीतरी आत बसून सुपारी कातरत असल्यासारखा. माऊसचा बाण पडद्यावर अर्ध्या रस्त्यात थांबून विचारात पडत होता. पण बाईंनी चाल पाहिली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ती चाल चांगली होती. नुसती चांगली नव्हे, खवचट होती. त्यांचा उंट बिनबोभाट कोंडला गेला होता. अशी चाल एकच माणूस करायचा, आणि करून झाल्यावर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघायचा.

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या पडद्यासमोर ठाण मांडून बसल्या.

दुपारी बारापर्यंत नऊ चाली झाल्या. कवळी घेऊन आलेल्या माणसानं दारातून ती आत सरकवली, बाईंनी न बघता घेतली. फोन वाजला, वाजत राहिला. डॉक्टरांची खूण केलेली फाइल आली आहे असं पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं, पण ती उघडायची तर खेळ बंद करावा लागला असता. आणि खेळात, सात दिवसांनी, बाई हरत होत्या. एक प्यादं गेलं. मग उंट गेला. बाईंना न्याहारीची आठवणही झाली नाही.

तीन वाजता दारावर थाप पडली. डॉक्टर उभे होते. त्यांच्यामागे एक ताठ, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या बाई, कवळी नसल्यामुळे तोंडावर रुमाल धरून.

"फोन का उचलत नाही तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं काही बरंवाईट झालं की काय. या मुख्याध्यापिकाबाई. त्यांना नमुना म्हणून सोबतच घेऊन आलो."

"बसा ना," बाई म्हणाल्या आणि त्यांची नजर परत पडद्याकडे गेली. "जरा थांबायचं हं. चाल येतेय."

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मुख्याध्यापिकाबाई रुमाल धरूनच दोन पावलं पुढे आल्या आणि पडद्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी रुमाल काढला.

"हलताय तुम्ही," त्या म्हणाल्या.

"कुठे हलतायत?" डॉक्टर म्हणाले. "स्टुलाला चिकटल्यात त्या सकाळपासून."

"हलताय!" मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "खेलात! हा लाजा गेला तुमचा!"

"हो ना!" कवळीबाईंचा चेहरा उजळला. "चार चालींत जाईल ना?"

"तीन. हा घोला इथे आला की झालं." मुख्याध्यापिकाबाई तोवर दुसऱ्या स्टुलावर बसल्याही होत्या. शाळेत बुद्धिबळ त्याच शिकवत. "पन वाचता येईल. हत्ती मागे घ्या."

"नाही नाही. नको वाचवायला."

"वाचवायला नको?"

"नको हो. हरू दे मला. प्लीज."

मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली ती नजर होती. दोघी शेजारी बसून कुरकुर ऐकत राहिल्या. एक चाल झाली. अर्ध्या तासानं दुसरी झाली. आता फक्त घोडा यायचा होता.

डॉक्टर मात्र घड्याळ बघून बघून टेकीला आले होते. दवाखान्यात चार माणसं तोंड उघडायला ताटकळत होती. "तोवर मी ती फाइल तरी उघडून दाखवतो," असं म्हणून, कुणी हां-हूं करायच्या आत, त्यांनी वाकून माऊसची टिचकी मारली.

कुरकुर थांबली. क्षणभर सगळं अगदी शांत झालं. मोठा फोटो उघडायचा म्हणजे सिस्टिमला जागा हवी; तिनं इकडेतिकडे पाहिलं असेल, की सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय. पडद्यावर सुबक अक्षरांत मजकूर आला: 'मेमरी अपुरी पडल्यामुळे एक प्रोग्राम बंद करण्यात आला आहे.' पट गेला. घोडा गेला. त्या जागी मुख्याध्यापिकाबाईंच्या टाळूचा मोठा, ओलसर फोटो उघडला.

कवळीबाई नुसत्या बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून. डोळ्यांतून पाणी आलं, तेही त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"अहो, मी फक्त एकदाच टिचकी मारली," डॉक्टर घाबरून म्हणाले.

"तुम्ही बाहेल थांबा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि डॉक्टर खरंच बाहेर जाऊन थांबले.

मग बाईंनी सांगितलं. सगळं. बस, शेरे, 'गप रे', पाण्यातली दीड तासांची वेळ. सांगता सांगता हातानं काम सुरू झालं, त्यांनी कवळीला पुढच्या दातांमागे मेणाचा पातळ थर दिला, ती मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडात बसवली, आणि म्हणाल्या, "म्हणा, साठ." शिट्टी. आणखी कणभर मेण. "साठ." अर्धी शिट्टी. "सहासष्ट." काही नाही. "सर्वांनी शांत बसा." स्वच्छ.

"मला एक सांगा," मुख्याध्यापिकाबाई आता स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "हे तुम्ही दुरुस्तीच्या दुकानात कशाला नेता? भावाच्या ऑफिसात कुणी नाही का, त्याचं काम माहीत असलेलं?"

असा एकजण होता. धाकट्याच्या वहीत त्याचा नंबर होता, पण नाव नव्हतं. धाकटा त्याला 'कुलूप' म्हणायचा, कारण तो बोलत नसे, आणि वहीतही त्यानं तसंच लिहून ठेवलं होतं. अंत्यविधीला तो आला होता, सगळ्यात मागे उभा राहिला होता आणि सगळ्यात शेवटी गेला होता, एक शब्द न बोलता. बुधवारी सकाळी बाईंनी तीनदा नंबर फिरवला आणि दोनदा ठेवून दिला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"कुलूप का?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

पलीकडून उत्तर आलं, "हो."

गुरुवारी चारला कुलूप आला. साठीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. पायपुसण्यावर त्यानं बूट इतके पुसले, की बाईंना वाटलं आता आत येतच नाही. स्टुलावर बसून तासभर तो धाकट्यानं लिहिलेल्या ओळी वाचत होता. मध्येच एकदा हसला. मग बोलला, आणि बाईंनी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलंच लांब बोलणं होतं.

"तो काय करायचा, आधी सिस्टिमला विचारायचा, जागा किती आहे? जुनी सिस्टिम सरळ सांगायची. नवीचं तसं नाही. रिकामा कोपरा दिसला, की ती तिथे आपल्या फाइली आणून ठेवते, पुढेमागे लागतील म्हणून. कुणी मागितलं तर उचलते, पण नुसतं विचारलं तर म्हणते, जागा नाही. यानं ऐकलं, जागा नाही, आणि दारातच बसला."

"आणि ते उणे?"

"मग जागा एवढी झाली, की आकडा त्यानं ठेवलेल्या चौकटीत मावेना. उलटून उणे झाला. आणि शेवटी दुकानदारानं सगळंच याला देऊन टाकलं. मग सिस्टिमचाच जीव गुदमरला."

"पण जागा नसली तर खेळता येत नाही का?"

"येतं. पण विचार केलेलं कुठे लिहून ठेवणार? तेच तेच पुन्हा. आणि यानं असं लिहिलंय, की जागा थोडी असेल तर विचारही थोडाच करायचा." कुलूप थांबला. "स्वतः मात्र कधी थोडा केला नाही."

त्यानं फाइलीत पाचशे बारा हा आकडा लिहिला. निम्मी जागा. बाईंनी डाव मांडला. एकविसाव्या चालीला त्यांचा राजा पडला, आणि पडद्यावर आलं: 'ताई, यापेक्षा तू प्याद्यांना दात बसवले असतेस तर बरं.'

"गप रे!" बाई ओरडल्या आणि हसायला लागल्या. हसू थांबेचना. कुलपानं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"एक विचारू?" बाई जरा वेळानं म्हणाल्या. "मी जिंकले की तो काहीच का बोलत नाही?"

"मी सांगितलं होतं त्याला, त्यासाठीही एखादं वाक्य लिही म्हणून. तो म्हणाला, लागणारच नाही."

"माजोरडा!"

"होताच."

"तुम्ही खेळायचात त्याच्याशी?"

"जेवणाच्या सुट्टीत. बावीस वर्षं."

"कोण जिंकायचं?"

"कुणीच नाही. तो बोलत बसायचा. सुट्टी संपायची." कुलूप उठला. दारात थांबून म्हणाला, "आता सुट्टीत काय करायचं ते कळत नाही. तशी आता रोजच सुट्टी आहे."

पुढे आठवडाभर बाई रीतसर हरल्या. शुक्रवारच्या भाषणात एकही शिट्टी वाजली नाही असा डॉक्टरांचा निरोप आला. आणि पुढच्या गुरुवारी कुलूप सगळं नीट चाललंय ना बघायला येऊन गेला, चहा प्यायला, गेला. आणि शुक्रवारी बाई जिंकल्या. सोळा चालींत.

त्यांनी फोन केला. "सिस्टिमनं काहीतरी केलं असेल," कुलूप म्हणाला. "या सिस्टिम अशाच. गुरुवारी येतो." आला, पाच मिनिटं बसला, दुरुस्त झालं. मग चहा झाला, धाकट्याच्या ऑफिसातल्या गोष्टी झाल्या, त्यातल्या दोन बाईंनी कधी ऐकल्या नव्हत्या. शुक्रवारी बाई परत जिंकल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. गुरुवारी नीट होतं आणि शुक्रवारी बिघडतं. बाईंना सिस्टिमचा राग यायला लागला. त्यांनी दुरुस्तीवाल्याला वाटेत गाठून ऐकवलंसुद्धा. "माझा काय दोष," तो म्हणाला, "आता हरत नाही म्हणून मी काय नुकसानभरपाई देऊ?"

पण तीन-चारदा बघून बघून बाईंना ती फाइल कुठे असते ते कळलं होतं. तीस वर्षं कणाकणाचा हिशेब हातानं केलेली बाई ती. एक आकडा बदलायला गुरुवार कशाला हवा? एका शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा लावून फाइल स्वतःच उघडली.

पाचशे बाराच्या जागी एक लिहिलेलं होतं. नुसतं एक.

फाइलीच्या शेजारी ती शेवटची कधी बदलली त्याची वेळ दिसत होती. गुरुवार, पाच वाजून दहा मिनिटं. पाच वाजून दहा मिनिटांनी बाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. बाहेर कॉम्प्युटरजवळ फक्त कुलूप होता.

बाईंनी चष्मा पुसला आणि ती वेळ परत वाचली. मग त्यांनी ते एक खोडलं, पाचशे बारा लिहिलं आणि डाव मांडला. तेविसाव्या चालीला हरल्या. 'ताई, हा डाव आपण कुणाला सांगायचा नाही.' "गप रे," बाई म्हणाल्या, मनापासून. त्यानंतर त्यांनी फाइल परत उघडली, पाचशे बारा खोडलं, अगदी काळजीपूर्वक एक लिहिलं, आणि फोन उचलला.

"बिघडलंय परत," त्या म्हणाल्या.

"सिस्टिम," कुलूप म्हणाला.

"हो ना. फारच वाईट सिस्टिम आहे."

"गुरुवारी येतो."

फळीवरचे चाळीस जबडे त्यांच्याकडे बघत होते.

"गुरुवार फार लांब आहे हो," त्या म्हणाल्या. "आज नाही का जमणार?"